वन-बीच्या फोटोंचा दिवस

उत्कर्षा दुसऱ्यांच्या पोरांना हसवण्यात मोठी पटाईत. खोटं शिंकून डोक्यावरची टोपी पाडायची, कोंबड्यासारखी आरवायची, कॅमेऱ्यात उंदीर शिरलाय म्हणून घाबरायची. लखनौच्या महानगर भागातल्या एका घरी आजोबांच्या पंच्याहत्तरीला सगळं खानदान जमलं होतं आणि धाकटा नातू काही केल्या मान वर करेना. हिने त्याला असा खिदळवला की त्याच्या नादाने आजोबांची कवळी निसटायची वेळ आली. घरी येईपर्यंत मात्र हसण्याचा सगळा साठा संपलेला असे. दारात चपला काढून ती सोफ्यावर टेकायची आणि टेकली की तिथेच कलंडायची. अडीच वर्षांचा निनाद अंगावर चढायचा, सहा वर्षांची अपूर्वा शाळेतलं काहीबाही सांगू लागायची, आणि ही डोळे मिटून 'हं, हं' करायची. त्या 'हं'मध्ये काही दम नाही हे अपूर्वाला केव्हाच कळून चुकलं होतं, तरी ती सांगायचं सोडत नव्हती.

वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नवरा बुद्धभूषण सरकारी विमा कंपनीत, बदली गोंडा शहरात. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी उजाडायच्या आत जायचा. माणूस चांगला, पण आठवड्यातून दीड दिवसाचा. म्हणून अकोल्याहून सासूबाई आल्या होत्या, कमलाबाई. गुडघे दुखत होते, लखनौची थंडी हाडात शिरत होती, विहारातल्या मैत्रिणींशी फोनवर बोलताना आवाज भरून येत होता, पण नातवंडांपायी त्या राहिल्या होत्या. रोज संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्या वंदना म्हणायच्या. निनादला त्यातलं फक्त 'गच्छामि' यायचं, आणि ते तो अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायचा. अपूर्वाचं वेगळंच. तिला मराठी सगळी समजायची, पण उत्तर यायचं हिंदीत, तेही इथल्या मुलांसारखं स्वतःला 'हम' म्हणत. "हम नहीं खाएँगे", "हम जा रहे हैं".

"पोट्टी एकटीच हाय अन् म्हन्ते 'हम'," कमलाबाई म्हणायच्या. "कोन कोन चाललं बाप्पा तुमच्यातलं?"

उत्कर्षा मूळची नागपूरची. लग्न होऊन लखनौला आली तेव्हा गळ्यात मंगळसूत्र कमी आणि कॅमेऱ्याचा पट्टा जास्त, असं तिची आई म्हणायची. आलमबागेत मेट्रोच्या पुलासमोर एका रजयांच्या दुकानावर तिने खोली घेतली आणि तिथे स्टुडिओ थाटला. माणसांचे चेहरे काढायचे, बाकी काही नाही. डोंगर, सूर्यास्त, जुन्या इमारती यांत तिला कधी गोडी वाटली नाही. पण नुसत्या चेहऱ्यांवर पोट भरत नसतं. थंडी सुरू झाली की इथे लग्नसराई लागते, तिला सहालग म्हणतात, आणि सहालगमध्ये फोटोवाल्याला रात्र नावाची गोष्ट उरत नाही. नवरीचा चेहरा मेकअपच्या आधी, मेकअपनंतर, जयमालेला, फेऱ्यांना आणि शेवटी रडताना. पाठवणीची रडारड उजाडताना होते, आणि तीच तर घरच्यांना हवी असते.

अपूर्वा लहान असतानाही तिने हे रेटलं. मग निनाद झाला, आणि अंगातली ताकद कुठेतरी गळून गेली ती परत आलीच नाही. म्हणून सेक्टरातल्या शाळेने, म्हणजे अपूर्वाच्याच शाळेने, फोटोंचं काम देऊ केलं तेव्हा तिला हायसं वाटलं. ओळखपत्रं, वर्गाचे फोटो, स्नेहसंमेलनाचा अल्बम. यंदाचं काम पसंत पडलं तर दरवर्षीचं. सकाळी नऊ ते दोन, घरापासून स्कूटरने पाच मिनिटं. मग सहालगला रामराम ठोकता आला असता. आधीचा फोटोग्राफर पोरांवर खेकसायचा, निम्मी मुलं फोटोत रडवेली दिसायची. प्रिन्सिपल मॅम म्हणाल्या होत्या, "आप तो ख़ुद माँ हैं. आपको समझाने की ज़रूरत नहीं."

ह्या कामाचा खरा आनंद झाला तो अपूर्वाला. मम्मी शाळेत येणार! इतर मुलांच्या मम्म्या गेटपाशी घुटमळतात, हिची आत येणार, आणि सगळ्या मुलांना तिचं ऐकावं लागणार. आठवडाभर तिने वन-बीत, म्हणजे आपल्या वर्गात, दुसरं काही बोलूच दिलं नसावं. घरी कपाटाच्या आरशापुढे उभी राहून ती हसण्याची तालीम करायची. ओठ मिटून, मग दात दाखवून, मग मान तिरकी करून.

"मम्मी, वन-बी को लंच के पहले बुलाना. लंच के बाद सबके रिबन ख़राब हो जाते हैं."

"हं."

"सुन रही हो ना?"

"ऐकतेय गं. लंचच्या आधी."

आणि हे तिने खरंच लक्षात ठेवलं. तेवढंच लक्षात राहिलं, हे दुर्दैव.

फोटोंच्या आदल्या रात्री एक लग्न होतं. ते काम आधीच घेतलेलं, नाही म्हणता येईना. ती घरी आली तेव्हा दूधवाला जिना चढत होता. आत निनादला ताप भरलेला आणि कमलाबाई त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलेल्या. उत्कर्षाने त्याला मांडीवर घेतलं, औषध पाजलं आणि बसल्या बसल्या स्वतःच पेंगली.

"अवं, नको जाऊ आज," कमलाबाई म्हणाल्या. "दोन रोज थांबत नाई का त्याहिची शाळा?"

"पहिलंच काम आहे, आई. पहिल्याच दिवशी नाही म्हटलं तर संपलं."

"मंग दोन घास तरी खाऊन जाय."

ते राहिलंच. लाइट, स्टँड, निळा पडदा, सगळं स्कूटरवर बांधून ती निघाली तेव्हा अपूर्वा पांघरुणात होती. तिच्या दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, धुतलेले मोजे, हे सगळं त्या दिवशी आजीच्या हातून झालं.

शाळेने लायब्ररीची खोली दिली होती. पुस्तकांच्या कपाटावर निळा पडदा सोडला, त्यापुढे एक स्टूल, दोन बाजूंना दोन लाइट. बाहेर नोव्हेंबरचं धुकं आणि आत किरमिजी स्वेटर घातलेल्या मुलांच्या रांगा. बाई एकेकाला आत ढकलायच्या, मूल स्टुलावर बसायचं, फोटो, पुढचं मूल.

मुलांना 'हसा' म्हटलं की ती दात दाखवतात, हसत नाहीत. आणि कोंबड्यासारखं आरवणं एका नातवापुरतं ठीक, शाळाभर कोण आरवणार? त्यासाठी उत्कर्षाने आपली एक युक्ती शोधून काढली होती. मूल बसल्या बसल्या उजेड तपासायला एक फोटो घ्यायचा. मग कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून विचारायचं, "नाम क्या है बेटा आपका? ज़ोर से!" स्वतःचं नाव सांगताना प्रत्येक मूल जरा ताठ होतं, डोळे स्थिर होतात, आणि नाव संपलं की क्षणभर चेहरा मोकळा सुटतो. तो क्षण धरायचा. आरव, कार्तिक असली नावं संपतात तेव्हा तोंड आपसूक मिटतं. अनन्या, आराध्या अशी 'आ'वर संपणारी असली की ओठ उघडे राहतात, तेव्हा किंचित थांबायचं. नाव कोणतं हे ऐकावं लागत नाही, ते कुठे संपलं तेवढं बोटाला कळलं की झालं. अशी नावं तिने हजारो वेळा विचारली असतील. एकही लक्षात नव्हतं.

युक्ती चोख चालली. एकही मूल रडलं नाही. प्रिन्सिपल मॅम दारातून डोकावून मान डोलावून गेल्या. पण दोन-तीन वर्ग झाल्यावर उत्कर्षाला मुलं दिसेनाशी झाली. दिसायची ती कॉलर, वर गेलेली की खाली, नाकाखालची सावली, चष्म्यावरची चमक, कपाळावरचं तेल. थकलेल्या फोटोग्राफरला माणूस असाच तुकड्यातुकड्यांनी दिसतो. भरीला फोन. कमलाबाईंना तापाच्या औषधाची बाटली सापडत नव्हती. खांदा आणि कान यांत फोन धरून उत्कर्षा बोलत होती, "आई, फ्रिजच्या वर बघा. नाही, आत नाही, वर," आणि हात आपले चालूच. कॉलर, सावली, नाम बेटा, क्लिक. लंचच्या आधी वन-बी आली आणि वन-बी गेली.

घंटा झाल्यावर तिने बाईंना विचारलं, "वन-बी कब भेज रही हैं?"

"हो गया मैम, कब का."

तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. मग मनाशी म्हणाली, अपू बाथरूमला गेली असेल, किंवा बाईंनी कुठे कामाला पाठवली असेल. राहिलेल्या मुलांसाठी परवाचा दिवस ठेवलेलाच होता. तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि टू-एला बोलावलं.

दुपारी घरी आल्यावर ती अपूर्वाला म्हणालीसुद्धा, "फोटोच्या वेळी कुठे गेली होतीस गं? दिसली नाहीस. आता परवा काढू, राहिलेल्यांबरोबर."

अपूर्वा वरणभात खात होती. तिने वर बघितलं, पुन्हा ताटात बघितलं.

"हाँ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निनादचा ताप उतरला. तो जेवून झोपला तेव्हा उत्कर्षा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. शेजारी कमलाबाई मेथी निवडत होत्या. चेहऱ्यामागून चेहरे सरकत होते. काम नीट झालं होतं, तिचं तिलाच बरं वाटत होतं. आणि मग पडद्यावर अपूर्वा आली.

पहिल्यांदा तिला वाटलं, हा घरचा कुठला फोटो मध्येच घुसला. पण मागे निळा पडदा होता. किरमिजी स्वेटर होता. दोन फोटो होते, सगळ्यांचे होते तसे. पहिला, उजेड तपासायचा. त्यात अपूर्वा हसत होती, आरशापुढची कोणतीच तालीम नसलेलं, अख्ख्या तोंडभर. आणि ती कॅमेऱ्यात बघतच नव्हती. सगळी मुलं भिंगाकडे बघतात. हिची नजर भिंगाच्या वर होती, जिथे मम्मीचं कपाळ दिसत असणार.

दुसऱ्या फोटोत ती भिंगाकडे बघत होती. पाठ ताठ, ओठ नुकते मिटलेले, डोळे स्थिर. ओळखपत्राला लागतो तसा, एक नंबर फोटो. म्हणजे मधे तिला नाव विचारलं होतं. आणि तिने ते सांगितलं होतं.

तिने आठवून आठवून बघितलं. काही म्हणता काही आठवेना. आपल्या पोटच्या पोरीला आपण तोंडावर 'नाम क्या है बेटा आपका' विचारलं, 'ज़ोर से' म्हटलं, आणि ती सांगत असताना आपण तिच्या ओठांकडे बघत होतो, 'आ' कधी मिटतो ते. वर घरी येऊन तिलाच विचारलं, कुठे होतीस म्हणून.

"काहून वं? काय झालं?" कमलाबाईंनी विचारलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता.

उत्कर्षाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं. सांगताना रडू आलं, ते तिने आवरलं नाही. कमलाबाईंनी बराच वेळ दोन्ही फोटो बघितले.

"म्हनून काल पोट्टी गप होती," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, हिलेबी ताप येते का काय."

"मी काय आई आहे का हो?"

"थकेल आई हायेस." त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली. "आमी शेतात कामाले जात होतो तवा भूषणले बांधावर झोपवून इसरून आली होती मी एकदा. अर्धा रस्ता चालून आल्यावर आठोलं. तो झोपेलच होता, त्याले काई समजलं नाई. तुयी पोट्टी जागी होती, येवढाच फरक."

यातून धीर घ्यावा की नाही हे उत्कर्षाला कळलं नाही.

अपूर्वा शाळेतून आली. दप्तर टाकलं, मोजे काढून भिरकावले. उत्कर्षाने तिला जवळ घेतलं आणि आढेवेढे न घेता विचारलं, "परवा मी तुला नाव विचारलं का गं?"

"परसों नहीं, कल." अपूर्वाचं परवा आणि काल पक्कं होतं.

"बरं, काल. विचारलं?"

"हाँ."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"बोला तो. अपूर्वा. आपने बोला ज़ोर से, तो हमने ज़ोर से बोला."

हे सांगताना ती स्वेटरच्या बाहीतला धागा ओढत होती. उत्कर्षाने तिचा हात धरला. "आणि मग?"

मग हळूहळू सगळं आलं. दारात रांगेत वर्गातली रिद्धिमा उभी होती. तिने ऐकलं. वर्गात जाऊन ती म्हणाली, इसकी मम्मी को इसका नाम ही नहीं पता. सगळे हसले. खूप मोठ्याने हसले.

"तुला वाईट वाटलं?"

"आप पे हँस रहे थे," अपूर्वा म्हणाली. "तो हमने बोल दिया, ये हमारी मम्मी नहीं हैं. ये फोटोवाली मैडम हैं. हमारी मम्मी तो घर पे हैं, भाई को बुख़ार है ना. फिर कोई नहीं हँसा."

कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. आठवडाभर जिने शाळाभर दवंडी पिटली होती, तिने सहा वर्षांच्या अकलेने आईची अब्रू वाचवली होती, आईच नाकारून. आणि त्या खोट्यातली आई किती शहाणी होती! ती तापल्या पोरापाशी घरी बसलेली होती.

"उद्या पुन्हा काढूया तुझा फोटो," उत्कर्षा कशीबशी म्हणाली. "छान काढूया."

"नहीं. वो वाला ठीक है. कल तक रिबन गंदे हो जाएँगे."

पुढच्या दिवशी राहिलेल्या मुलांचे फोटो होते. अपूर्वा स्कूटरवर पुढे उभी होती, मागे सामान. धुक्यात भाजीवाल्यांचे ठेले नुकते लागत होते. शाळेच्या अलीकडे पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथे अपूर्वाने मागे वळून आईचा स्वेटर ओढला.

"मम्मी, हमको यहीं उतार दो."

"का गं?"

"आप आगे चली जाओ. हम पीछे से आ जाएँगे."

उत्कर्षाने स्कूटर थांबवली. अपूर्वा उतरून दप्तर सावरत उभी राहिली, अगदी व्यवहाराने. एकदा बोललेलं निभावायला नको का? फोटोवाल्या मॅडमच्या स्कूटरवरून उतरताना कुणी बघितलं तर पंचाईत. आईने पुढे निघावं म्हणून ती वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर उत्कर्षाला सोपं गेलं असतं. राग काढता येतो, समजूत घालता येते. इथे पोरीने मनाशी व्यवस्था लावून टाकली होती, आईवाचून चालवायची. ती एकदा अंगवळणी पडली की पुढे कधी बदलणार नाही, हे उत्कर्षाला त्या टाकीपाशी लख्ख दिसलं.

तिने स्कूटर सामानासकट तिथेच स्टँडवर लावली.

"चल," ती म्हणाली आणि अपूर्वाचा हात धरला.

"मम्मी, नहीं! सब देखेंगे!"

"बघू देत."

अपूर्वाने हात सोडवायचा प्रयत्न केला. गेटपर्यंत ती जवळजवळ ओढली गेली. वन-बीच्या दारात दोघी पोचल्या तेव्हा बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या आणि वर्ग नुसता कलकलत होता. उत्कर्षाने बाईंना विचारलं, एक मिनिट बोलू का. बाईंना वाटलं फोटोंबद्दल काही सूचना असेल.

"बच्चो," उत्कर्षा म्हणाली. पोरांपुढचा तिचा नेहमीचा आवाज लागेना, साधाच निघाला. "मैं अपूर्वा की मम्मी हूँ. उस दिन मैंने अपनी ही बेटी से उसका नाम पूछ लिया. मैं बहुत थकी हुई थी, मैंने उसे पहचाना नहीं. ग़लती मेरी थी. अपूर्वा ने आप लोगों से जो कहा, मुझे बचाने के लिए कहा. हँसना हो तो मुझ पर हँस लीजिए."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा वर्ग फुटला. पोरं बाकं बडवून हसली. मोठ्या माणसाने 'हसा' म्हटल्यावर सोडतात होय? रिद्धिमा उभी राहून हसत होती. बाईंनी पट्टी आपटली, स्वतःचं हसू पदरात लपवलं. उत्कर्षा तिथे उभी राहून ते सगळं अंगावर घेत होती, कान तापले होते, आणि वळून बघते तर कॉरिडॉरमध्ये प्रिन्सिपल मॅम. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हसत नव्हत्या.

"आज का काम निपटा लीजिए," त्या म्हणाल्या. "आगे का… एल्बम देखकर बात करेंगे."

"जी," उत्कर्षा म्हणाली. दरवर्षीचं काम हातातून निसटलं की काय हे त्या 'जी'नंतर तिला कळेना, आणि कळून घ्यायची ताकदही नव्हती. सहालगच्या तीन तारखा अजून बाकी होत्या.

अपूर्वा कॉरिडॉरच्या खांबाला टेकून उभी होती, तोंड लाल, डोळ्यांत पाणी.

"आपने क्यों बताया? सब हँसे."

"हसू देत."

"हमको अच्छा नहीं लगा."

"मलाही नाही आवडलं गं." उत्कर्षा तिच्यापुढे उकिडवी बसली. "पण तू कुणाला सांगायचं नाहीस की मी तुझी मम्मी नाही. कधीच नाही. लोक कितीही हसोत. कळलं?"

अपूर्वाने नाक बाहीला पुसलं. मग विचारलं, "फिर से करोगी ऐसे?"

'कधीच नाही' हे उत्तर उत्कर्षाच्या जिभेवर आलं होतं. पण खोटं एक झालं तेवढं पुरे.

"करेन बहुतेक," ती म्हणाली. "खूप थकले की होतं माझं असं. तेव्हा तू गप्प बसायचं नाहीस. हाक मारायची, मम्मी म्हणून, मोठ्याने."

"आप काम कर रही होती हो तब बुलाते हैं तो आप चिढ़ जाती हो," अपूर्वा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, माहिती होती. "इसलिए तो नहीं बुलाया."

उत्कर्षाला वाटलं होतं, पोरगी त्या दिवशी हिरमुसून गप्प बसली. ती हिरमुसण्याच्या आधीच गप्प होती. स्टुलावर बसून, आईचं कपाळ बघून हसत, आई चिडू नये म्हणून.

"चिडले तरी हाक मार," ती म्हणाली. "चिडू दे मला. तू मार."

अपूर्वा वर्गात गेली.

लायब्ररीत पुन्हा निळा पडदा, स्टूल, लाइट. राहिलेली मुलं थोडीच होती, कुणी कांजिण्यांतून उठलेलं, कुणी मामाच्या लग्नाहून आलेलं. उत्कर्षाचे डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती. मेहंदी न उतरलेल्या हातांचा एक मुलगा स्टुलावर बसला; भारी चुळबुळ्या. त्याच्यापुढे आरवून झालं, कॅमेऱ्यातल्या उंदराला घाबरून झालं, तेव्हा कुठे तो स्थिरावला. तिने नाव विचारलं, तो सांगू लागला, चेहरा सुटायच्या बेतात आला, बोट बटणावर गेलं.

"मम्मी!"

पूर्ण गळा काढून, दारातून. मुलगा दचकून वळला. फोटो गेला.

आणि उत्कर्षा चिडली. खरंच चिडली, कपाळाला आठी पडली, तोंडातून 'च्' निघालं, ते अपूर्वाने नक्की बघितलं आणि ऐकलं. पाण्याची बाटली छातीशी धरून ती दारात उभी होती, पळून जायच्या तयारीत, पण पळाली नाही.

उत्कर्षाने कॅमेरा डोळ्यावरून काढला. तो टेबलावर ठेवला आणि पूर्ण वळली.

"काय गं, अपू?"

"कुछ नहीं," अपूर्वा म्हणाली. "बस, देख रहे थे."